घोडा आत येतो की बाहेर जातो

सुमन,

तुझ्याशी भांडायचं राहिलंय, म्हणून लिहायला बसले आहे. बाकीच्यांसारखं हात जोडून, डोळे टिपून, तुझ्या फोटोकडे बघत "फार चांगली होती हो" म्हणणं मला जमलं नाही. तू फार चांगली वगैरे नव्हतीस. हट्टी होतीस, आगाऊ होतीस, आणि अर्धी गोष्ट सांगून फोन ठेवून द्यायची तुला खोड होती. त्या खोडीनेच मला या दिवसांत एका जागी बसू दिलं नाही. टेमघरच्या माझ्या दोन खोल्यांत नुसत्या येरझारा चालल्या होत्या. चहा ठेवायची आणि गॅलरीत जायची, दूध उतू गेल्याचा वास आला की परत यायची, ओटा पुसायला फडकं घ्यायची आणि ते खांद्यावर टाकून दारापर्यंत जायची. खालच्या बाईंनी विचारलंसुद्धा, "वत्सलाताई, काही हरवलंय का?" हो म्हटलं. काय हरवलंय ते सांगितलं नाही.

तुझा शेवटचा फोन आठव. मी वरणाला फोडणी घालत होते आणि तू नमस्कार-चमत्कार काही न करता सुरू झालीस.

"वच्छे, जागा सापडली."

"कसली जागा?"

"चित्राची. आता त्याला कोनाचा बाप हलवू शकत न्हाय. आता घोडा आत पन न्हाय आनि बाहेर पन न्हाय."

"म्हणजे कुठे लावलंस?"

"ही काय फोनवर सांगायची गोष्ट हाय? रविवारी ये. डोल्यांनी बघ."

आणि हसलीस, आणि ठेवलास. माझी मोहरी जळली. उभी नोकरी टेलिफोन ऑफिसात काढली, हजारो लोकांचे फोन जोडून दिले, पण तुझ्यासारखा अर्धवट फोन कुणी केल्याचं आठवत नाही.

रविवारी आले तर बंगल्याला कुलूप. समोरचा टपरीवाला म्हणाला, पहाटेच गाडी करून ठाण्याला नेलं. तुझ्या किडन्यांनी तर आधीच हात टेकले होते, आता छातीत पाणी भरलं होतं. मला आत सोडलं तेव्हा तुझ्या तोंडात नळी. जन्मात पहिल्यांदा तू माझ्यासमोर गप्प होतीस आणि मला त्याचाच जास्त राग आला. डोळे मात्र उघडे, माझ्यावर लागलेले. मग तू उजव्या हाताचं बोट चादरीवर गोल गोल फिरवलंस. पुन्हा फिरवलंस. मला वाटलं, उकडतंय, पंखा लावायला सांगतेस. पंखा तिथे नव्हताच, एसी होता, म्हणून मी त्या एसीवरून नर्सशी भांडले. ती बिचारी म्हणाली, "मॅडम, पेशंटला थंडी वाजतेय, आत्ताच ब्लँकेट दिलंय." तू डोळे मिटलेस. मला मूर्ख समजून मिटलेस, हे मला तेव्हाच कळलं. का, ते कळलं नाही.

ते काल कळलं. पण गोष्ट शेवटाकडून सांगितलेली तुला खपायची नाही, तेव्हा ओळीने सांगते.

तुमच्या मानकोलीच्या भातशेतांवर गोडाऊनं उभी राहिली आणि त्यातलं एक परदेशी रद्दीच्या व्यापाऱ्याने घेतलं. कंटेनर भरभरून जुनी पुस्तकं, मासिकं, नकाशे यायचे, पट्ट्यांनी आवळलेल्या गठ्ठ्यांत. मालकीण म्हणून तू रोज तिथे चक्कर मारायचीस आणि कामगार गठ्ठे फोडायला लागले की त्यांच्यात फतकल मारून कागद उपसायचीस. भाऊजींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "लोक बोलतान, बालारामची बायको रद्दी येचते." तू म्हणायचीस, "बोलू दे. मी येचते, त्यांना येचायला डोले न्हाईत." एक दिवस तिथून परस्पर रिक्षा करून माझ्याकडे आलीस. केसांत धूळ, पदराखाली काहीतरी. दार उघडायच्या आत म्हणालीस, "वच्छे, मी सापडली."

जाड, पिवळट कागद, एका कोपऱ्याला ओल लागलेली. चित्र छापलेलं, पण रंग नंतर कुणीतरी हाताने भरलेले; एका घोड्याची तांबडी पाठ रेघेबाहेर सांडली होती. मोठी गोल इमारत, वर मेणबत्त्यांचं झुंबर, चारी बाजूंना माड्यांवर माड्या आणि त्यांत टोपीवाली माणसं दाटीवाटीने बसलेली. मधे मातीचं रिंगण. रिंगणाच्या मधोमध कोटवाला माणूस, हातात लांब चाबूक. आणि पुढच्या बाजूने पांढरा घोडा भरधाव सुटलेला, त्याच्या पाठीवर एक बाई. बसलेली नव्हे, उभी. एका पायावर. दुसरा पाय मागे, हात पसरलेले, झगा उडतोय, आणि चेहऱ्यावर असा भाव, की बाई भाजी घ्यायला निघाली आहे. रिंगणाच्या पलीकडच्या बाजूला तो रंग सांडलेला तांबडा घोडा. त्याच्यावर कुणीच नाही. खाली वळणदार अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. इंग्रजी नव्हतं, म्हणून आपल्या दोघींचं अडलं.

"ही मी," तू त्या बाईवर बोट ठेवलंस. मग पलीकडच्या रिकाम्या घोड्यावर. "आनि हा तुझा. तू चढलीच न्हाईस."

तुझ्या मनात काय होतं ते मला विचारावं लागलं नाही. आपण आठवीत होतो, मैदानात सर्कस आली होती, तुझ्या बाबांनी दोघींना नेलं होतं. तिथे घोड्यावर उभी राहिलेली बाई तू बघितलीस, आणि दुसऱ्या दिवशी शेलारला, तुझ्या माहेरच्या गावी, तुमच्या म्हशीवर चढलीस. मला म्हणालीस, "तू दोरी धर." चांगली उभी राहिलीस गं. परकर खोचून, हात पसरून, दोन-चार पावलं म्हशीने नेलंदेखील. मग तिला तळं दिसलं. म्हैस सरळ निघाली, मी दोरी सोडली, आणि तू चिखलात. तुझ्या आईने दोघींना एकाच फोकाने झोडलं. तेवढाच एक दिवस तुमच्या घरी मला आणि तुला सारखी वागणूक मिळाली, असं मी नंतर म्हणायची आणि तू हसायचीस. हसताना डोळे मात्र खाली घालायचीस.

चित्राला फ्रेम झाली, नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये लागलं, आणि त्याच दिवसापासून त्याच्यामागे साडेसाती लागली. पहिली खोड भाऊजींनी काढली. बैलांच्या शर्यतीत उमर गेलेला माणूस, त्यांनी चष्मा लावून चित्र बघितलं आणि म्हणाले, "असा घोडा धावत न्हाय. पुढचे पाय पुढं, मागचे मागं, चारी येका टायमाला हवेत? पोटावर आपटंल तो."

"मंग उडतोय असं समजा," तू म्हणालीस.

दुसरी खोड वास्तुवाल्याची. तुमच्या भागात तेव्हा त्या लोकांचा सुळसुळाट होता. ज्याची जमीन गोडाऊनला गेली त्याच्या बंगल्यात होकायंत्र घेऊन एक माणूस हजर. तुमच्या सूनबाईंनी, प्रणालीने, बोलावला. त्याने संडासाची दिशा बघितली, विहीर बघितली, आणि हॉलमध्ये येऊन थबकला. धावत्या घोड्यांचं चित्र घरात शुभ, म्हणाला, पण घोडा घरात येताना दिसला पाहिजे. हा दाराकडे चाललाय. लक्ष्मी बाहेर.

ते तू मला जसं फोनवर सांगितलंस, तसं मला कधीच लिहिता येणार नाही.

"मी बोलली, कंच्या घोड्याचं बोलता? हा पांढरा बाहेर जातोय, कबूल. पन तो मागचा तांबडा? तो तर आत येतोय. मंग त्यानं चित्र काढलं नि समोरच्या भिंतीला धरलं. आता पांढरा आत, तांबडा बाहेर! वच्छे, घाम फुटला त्याला. बोलतो, एक घोडा झाकून टाका. मी बोलली, सर्कस हाय ती, गोल फिरनार, तुमच्या दक्षिनेसाठी सरळ जानार न्हाय."

इथे मीही हसले होते, पण नंतर हसू आलं नाही. कारण ते चित्र फिरायला लागलं. हॉलमधून जिन्यात. जिन्यातून जेवणघराच्या बोळात. तुझ्या मुलाला, निलेशला, धंद्यात खोट आली की चित्र हललं. प्रणालीचं मूल पोटातच गेलं तेव्हा हललं. दर वेळी तू खलबत्त्यातला बत्ता घेऊन स्वतः खिळा ठोकायचीस. नव्याकोऱ्या बंगल्याच्या भिंतींना देवी आल्यासारखी भोकं पडली. आणि मी दर वेळी चिडायची. तुझं घर, तुझी भिंत, तुझं चित्र. एकदा तरी म्हण ना, हलवणार नाही! पण नाही. जगाशी भांडणारी तू घरात आलीस की बत्ता उचलायचीस.

त्यावरूनच आपला तो वाद. मी म्हटलं होतं, "तुझी ती बाई बघ. एवढी नटूनथटून उभी आहे, पण पोचते कुठे? गोल फिरते आणि परत तिथेच. मधे तो चाबूकवाला. तुझंही तेच झालंय." लागलं तुला. मला दिसलं. तू चहाचा कप खाली ठेवलास आणि म्हणालीस, "पोचायचं कोनाला हाय? तिला उभं रायचं हाय." मी म्हटलं, उभं राहायला घोडा कशाला, स्टूल पुरतं. तू म्हणालीस, "तुला न्हाय कलनार. तू सरळ चालनारी." नंतर हा वाद आपण कितीदा काढला आणि कितीदा अर्ध्यावर टाकला.

आता ऐक. तुझा फोन आला त्याच आठवड्यात मी ग्रंथालयात गेले होते, त्या खालच्या अक्षरांचा छडा लावायला. ती अक्षरं काही लागली नाहीत, पण सर्कशीवरचं एक जाडजूड पुस्तक मिळालं, ते उभ्या उभ्या वाचलं. सुरुवातीच्या सर्कशीत वाघ-सिंह नव्हतेच. तंबूही नव्हता. घोडे, आणि घोड्यांवर उभी राहणारी माणसं, बस. आणि रिंगण गोल का, तेही त्यात होतं. सरळ धावणाऱ्या घोड्याच्या पाठीवर उभं राहणं फार कठीण. तो गोल धावतो, आतल्या बाजूला कलतो, आणि त्या कलण्यातच वरच्या माणसाला तोल सापडतो. रिंगण कुणाला कोंडायला नव्हतं गं. उभं राहता यावं म्हणून होतं. मला पहिल्यांदा काय आठवलं असेल? तुझी म्हैस. सरळ गेली ना ती.

रविवारी तू मला जागा दाखवणार होतीस. मी हरायला येत होते.

आणि तू गेलीस.

तुमच्या घरात त्या दिवसांत मी रोज आले. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी नको म्हटलं नाही. नातं काय सांगायचं? बहीण नाही, नणंद नाही, जातीची नाही. बायका सरकून जागा द्यायच्या आणि मग आपसांत बोलायच्या. जिथे तुला ठेवलं होतं तिथे कोपऱ्यात दिवा लावला होता, दिव्याखाली पीठ पसरलं होतं, वर टोपली. सकाळी टोपली उचलून सगळ्या वाकून बघायच्या, पिठात कसला ठसा उमटलाय, तू कुठल्या जन्माला गेलीस. तुझी जाऊ म्हणाली, गाईचं पाऊल. दुसरी म्हणाली, पाखराचं. मला विचारलं. मी माझ्या धर्माने यातलं काही मानत नाही, पण वाकून बघितलं. मला पीठ दिसलं. आणि तुला पिठाचे लाडू आवडायचे ते आठवून इतकं भडभडून आलं, की मी उठून मोरीत गेले.

हॉलच्या मधोमध तुझा फोटो होता. तो जुना टीपॉय पुढे ओढलेला, त्यावर तुझा तो क्रोशाचा रुमाल, त्यावर पांढरं कापड, त्यावर तू, हार, उदबत्त्या, पाण्याचा पेला. मी त्याच्यासमोर बसायची आणि भिंती बघायची. प्रत्येक भोकाजवळ नजर नेऊन. कुठेच चित्र नाही. तुझं कपाट प्रणालीने उघडलं तेव्हा मी दारात उभी. साड्यांमागे नव्हतं. माळ्यावर चढले, या वयात, सगळ्यांसमोर. गच्चीत टाकीमागे मोकळी फ्रेम सापडली, चारी लाकडं सुटलेली. चित्र नाही. तेव्हा मला वाटलं, हरलीस तू. त्यांनी टाकलं, आणि तुला म्हातारीला उगाच काहीतरी खोटं सांगून गप्प केलं.

प्रणालीला विचारलं. ती रडायलाच लागली. "मावशी, आई आजारी पडल्या तेवा तो मानूस परत आलेला. बोलला, घोडा बाहेर चाललाय, आधी काढा. मना भीती वाटली. मीच पप्पांना बोलली, काढा. मंग पप्पांनी काय केलं, मना न्हाय म्हायती." त्या पोरीवर काय रागावणार? तिने तुझ्यासाठीच केलं होतं.

मग भाऊजींना विचारलं. पडवीत पाण्याच्या ड्रमजवळ बसले होते, दाढी वाढलेली, गुडघ्यावर हात.

"भाऊजी, तिचं चित्र कुठे आहे?"

"न्हाय सांगता येनार."

"टाकलंत का?"

"न्हाय सांगता येनार, वत्सलाबाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काय काय बोलले ते तू ऐकलं असशील तर ऐकलं असशील. म्हटलं, तिने आयुष्यभर तुमच्या घराची दिशा सांभाळली, तुम्हाला तिचा एक कागद सांभाळता आला नाही? चितेची राख थंड होईपर्यंत तरी थांबायचं होतं. बायका दाराशी जमल्या. भाऊजींनी मान वर केली नाही. मी चप्पल घालून निघाले आणि मानकोलीच्या नाक्यापर्यंत चालत आले, ट्रकांच्या धुरातून, आणि रिक्षा मिळत असताना बसले नाही. चालत राहणं बरं वाटत होतं.

तरी दुसऱ्या दिवशी परत आले. तुझ्यासाठी नव्हे, हट्टासाठी. तू असतीस तर तूही आली असतीस.

काल उत्तरकार्य झालं. लोक जेवले, पांगले. प्रणाली म्हणाली, आता टीपॉय मोकळा करूया. तिने तुझा फोटो उचलला आणि माझ्या हातात दिला, हार काढला, पाण्याचा पेला घेतला. पांढरं कापड ओढलं. त्याच्याबरोबर तो क्रोशाचा रुमालही सरकून खाली पडला.

काचेखाली रिंगण होतं.

तो जुना टीपॉय, तुझ्या माहेरचा, ज्याच्या काचेखाली लोक लग्नाच्या पत्रिका आणि लाईटबिलं सरकवून ठेवतात. तिथे पांढरा घोडा, तिथे तू एका पायावर, तिथे चाबूकवाला, तिथे ते टोपीवाले. सपाट, आडवं, तू चादरीवर बोटाने काढून दाखवत होतीस तसंच. ना आत तोंड, ना बाहेर. भिंतच नाही तर दिशा कुठली! आणि एवढे दिवस त्याच्यावर, बरोबर रिंगणाच्या मधोमध, तुझा फोटो उभा होता. आम्ही सगळे भोवती बसून बघत होतो.

भाऊजी पडवीतून आले. टीपॉयकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काच मीच उचलून धरलेली," ते म्हणाले. "तिनं सरकवलं. येकटीला झेपत न्हवती ना. हात थरथरत व्हते तिचे, पन मना हात लावू देयना चित्राला."

"मग परवा का नाही सांगितलंत मला? एवढं बोलले मी तुम्हाला!"

"ती बोललेली, वच्छीला सांगू नका. रविवारी येल, मी सोता दाखवीन." त्यांनी काचेच्या कडेवरून अंगठा फिरवला. "तिनं दाखवायचं व्हतं. मंग मी कसा दाखवू?"

सुमन, मला खुर्ची लागली. तुझा फोटो मांडीवर घेऊन बसले. ज्या माणसाला मी चाबूकवाला म्हणत आले तो मुकाट्याने काच धरून उभा होता, आणि नंतर माझ्या शिव्या खात तुझी गंमत राखत बसला होता. आणि वास्तूवर त्याचा विश्वास नाही असंही नाही. तो अजूनही होकायंत्राला घाबरतो. मी त्यांना सॉरी म्हटलं, इंग्रजीत, कारण मराठीत तोंडून निघेना. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुमच्या बोलन्यानं जरा घर भरल्यासारं वाटलं."

प्रणाली चहा घेऊन आली. तुमच्या घरातला चहा. तुझं लग्न झाल्यावर पहिल्यांदा आले होते तेव्हा तुझ्या सासूबाईंनी माझ्यासाठी चहा वेगळ्या कपात ओतला होता, कान तुटलेल्या, कोनाड्यात बाजूला ठेवलेल्या. तू आलीस, तो कप उचलून स्वतःच्या तोंडाला लावलास आणि तुझा माझ्या हातात दिलास. सासूबाई बघत राहिल्या. नवी नवरी होतीस, हातात हिरवा चुडा. त्यावर आपण कधी बोललो नाही. मी कधी आभार मानले नाहीत, आणि आता मानले तर तू म्हणशील, कसले, चहा थंड होता तो. आणि मी तुला म्हणायची, तू घरात आलीस की नमतेस. नमत नव्हतीस गं. कलत होतीस, पडू नये म्हणून. मला हे सांगायला एक रविवार पुरला असता.

तर चहा. कप ठेवायला गेले तर खाली घोडा. बाजूला सरकवला तर तुझा झगा. दुसरीकडे बघितलं तर माड्यांवरची माणसं माझ्याकडेच बघत होती. निलेशही कप धरूनच बसला होता, प्रणालीही. तुझ्या चित्राने सगळ्यांचे कप हातात अडकवले. प्रणाली म्हणाली, "मावशी, रुमाल परत घालू का?" भाऊजी म्हणाले, "नको. आता ऱ्हाऊ दे उघडं."

मी बसले होते त्या बाजूने तू उलटी दिसत होतीस, डोकं खाली, पाय वर. माझ्या जवळ होता तो तांबडा, रंग सांडलेला, रिकामा घोडा. तुला नीट बघायचं तर समोरच्या बाजूला जायला हवं होतं. उठले. तुझा फोटो एका हातात, कप दुसऱ्या हातात, टीपॉयच्या कडेने निघाले. निलेशने खुर्ची मागे ओढली. समोर पोचले, तुला सुलटं बघितलं, तीच तू, भाजी घ्यायला निघाल्यासारखी. पण तिथे बसायला जागा नव्हती, म्हणून थांबले नाही. तशीच पुढे वळले. भाऊजींनी काही न विचारता पाय जवळ घेतले आणि मला वाट दिली.

एक फेरी झाली. पोचले कुठेच नाही, परत माझ्याच खुर्चीजवळ आले. या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा माझे पाय शांत वाटत होते. मी बसले नाही. आणखी एक फेरी घातली.